मालकाच्या हातचा थर

कुतुबुद्दीन मिस्त्री वडूजचे. खंडाळ्याजवळ आमच्या थीम पार्क रिसॉर्टवर त्यांनी मुलांसाठी खोटा किल्ला बांधला. मी तिथला साइट सुपरवायझर. मिस्त्रींची एक खोड माझ्या डोक्यात जायची. दुकान असो, शाळा असो, मशीद असो, बांधकामाचा शेवटचा थर ते स्वतः लावत नसत. तो मालकानं आपल्या हातानं लावायचा, हा त्यांच्या आजोबांपासूनचा रिवाज.

"मालक पुण्यात, उद्या तपासणी, आणि बुरुज अर्धवट? उरका की!" मी ओरडलो.

"थर मालकाचाच. तुमी कितीबी बोंबला," म्हणत त्यांनी थापी धुऊन ठेवली.

सकाळी परवानगीचे अधिकारी आले. मंजूर नकाशात बुरुजाची उंची नऊ मीटर होती. मिस्त्रींचं सगळं काम फुटात, म्हणून मीच त्यांना अंदाजानं तीस फूट सांगितलं होतं. अधिकाऱ्यांनी टेप सोडला, तेव्हा मी पहिल्यांदा नीट हिशेब केला आणि पायाखालची वाळू सरकली. नऊ मीटर म्हणजे जेमतेम साडेएकोणतीस फूट!

टेप बरोबर तिथंच थांबला. अर्ध्या फुटाचा शेवटचा थर लागलाच नव्हता. अधिकाऱ्यांनी सही केली आणि मी मटकन खाली बसलो.

दुपारी मालक आले. मी मिस्त्रींसमोर कान पकडून सगळं सांगितलं. उरलेले ब्लॉक मिस्त्रींनी बुरुजाच्या पायथ्याशी मांडले आणि मालकाच्या हातानं तिथं ओटा बांधून घेतला.

"लागला थर," ते मला म्हणाले. "आता हितं बसत जावा. सकाळी जिमिनीवर बसला हुतासा."