पन्नास टक्के हलिमाबी

फवारणी आणि वेचणी या दोन कामांच्या मधे आठ दिवसांचं अंतर होतं. ते मी शून्य केलं.

माझ्या गाढवपणाचे किस्से मी स्वतःच रंगवून सांगतो. ओळखीच्या लग्नाला म्हणून गेलो आणि शेजारच्या मांडवात जेवून, आहेर करून, नवऱ्यामुलाच्या गळ्यात पडून आलो, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की बायको आता ती सुरू झाली की उठून आत जाते. नव्या मोटारसायकलमध्ये डिझेल भरलं, तेही सांगतो. हा एक मात्र कधी सांगितला नाही. त्यात हसायची जागा अजून सापडलेली नाही, आणि हलिमाबीला वगळून तो सांगता येत नाही.

तेव्हा मी खामगावात कापूस घेणाऱ्या एका कंपनीत नियोजन अधिकारी होतो. पुण्याला पंधरा दिवस जाऊन एक सॉफ्टवेअर शिकून आलो होतो. पडद्यावर प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी, पट्टीला पट्टी जोडणारे बाण आणि पट्टीपुढे ते काम करणाऱ्याचं नाव. कंपनीने धामणगाव बढेच्या बाजूची काही वावरं, म्हणजे शेतं, कराराने बांधून घेतली होती. कोणतं वावर कधी वेचायचं, त्यात किती बाया घालायच्या आणि ट्रक कधी लावायचा, हे मी खामगावात पंख्याखाली बसून ठरवायचं होतं. माझ्याआधी हे सगळं वेचणाऱ्या बायांची मुकादम हलिमाबी ठरवत होती. डोक्यात.

पहिल्यांदा पाहिली ती पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर. साठीला टेकलेली, उंच, डोक्यावरून पदर आणि पायात नवऱ्याच्या जुन्या चपला. समोर बावीस बाया कमरेला फडकी बांधून उभ्या. हलिमाबी प्रत्येकीच्या तोंडाकडे बघायची आणि वाटणी करायची. "नंदा, तू काठाची ओळ घे. पोरगं रडलं तं दिसलं पाह्यजे तुले. शांते, तू नंदाच्या बाजूनं राह्य. तुमा दोघी जावा-जावांचं पटत नाई, म्हून तं मुकाट्यानं वेचता." बाया खिदळायच्या आणि चालू लागायच्या. हिंदू बाया तिला चाची म्हणत. पहिल्या वेचणीला वावराच्या मालकिणीने सीतादही केलं नाही, झाडाला कापूस गुंडाळून दहीभात ठेवला नाही, तर ही नमाजी बाई एकाही बाईला आत सोडत नसे. "तुमचा देव हाय, तं मंग नीट करा न," म्हणायची.

मी लॅपटॉप उघडून तिला तिची पट्टी दाखवली. एकाच दिवशी दोन वावरांवर देखरेख होती, म्हणून मी तिला दोन्हीकडे पन्नास-पन्नास टक्के टाकलं होतं.

"म्हंजे?"

"अर्ध्या तुम्ही इकडे, अर्ध्या तिकडे."

तिने स्वतःला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोण्ती अर्धी कुठी पाठवू, बाबू? वरची तोंड चालवते, खालची पाय चालवते. एकटी कोण्तीच कामाची नाई."

मीही हसलो. पट्टी बदलली नाही.

बीटी कापूस येऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. ज्या बियाण्याला अळी लागणार नाही म्हणून सांगितलं होतं, त्याच्या बोंडात गुलाबी अळी घर करून बसली होती. घाबरलेले लोक दोन वेचण्यांच्या मधेसुद्धा फवारत. एका औषधाने भागेना म्हणून एकाच पंपात दोन-दोन मिसळत. त्यावर हलिमाबीने तिचा एक कायदा केला होता. फवारा मारला की मालकाने बांधावर निंबाची हिरवी फांदी रोवायची. रोज जाता-येता ती त्या फांदीचा पाला चिमटीत धरून बघायची. पाला वाळून चुरा झाला की वावर मोकळं. तोवर बांध ओलांडायचा नाही.

"पण दिवस किती?" मी विचारलं. माझ्या रकान्याला आकडा लागत होता.

"ऊन कसं हाय त्याच्यावर हाय ते. ढग असले तं जास्ती."

"तरी?"

"लिव्ह आठ. पण पाह्यल्याबिगर बाया नाई सोडणार मी."

मी आठ लिहिले. सगळ्या पट्ट्या उजवीकडे सरकल्या आणि शेवटची तारीख लाल झाली. साहेबांचा फोन आला: ट्रक ठरलेत, जिनिंगवाला थांबत नाही, तारीख अलीकडे आणा. ज्याला हातोडा नवा मिळालाय त्याच्यासारखा मी जिथे तिथे ठोकून बघत होतो. शेवटी त्या आठावर बोट ठेवलं. वाटलं, म्हाताऱ्या बाईचा अंदाज. चार कमी केले तरी काय होतं? मग चार कशाला ठेवायचे? शून्य टाकताच सगळं लाल एका क्षणात निळं झालं. मी स्वतःवर खूश होऊन खाली जाऊन कचोरी खाल्ली.

ठरल्या दिवशी मी स्वतः गावात गेलो. अर्धी हलिमाबी कागदावर माझ्यासोबत होती. अख्खी हलिमाबी नदीपलीकडच्या वावरात होती, कारण तिथे नव्या बाया होत्या. अकरा बाया माझ्या वावराच्या बांधावर येऊन थांबल्या. फांदी उभी होती. पाला हिरवा होता.

"चाचीनं पाह्यलं का?" नंदाने विचारलं.

इथे मी म्हणू शकलो असतो, थांबा, विचारून येतो. नदी दहा मिनिटांवर होती. मी हातातला कागद पुढे केला आणि म्हणालो, "चाचींनी सांगितलेले दिवस यात धरलेले आहेत."

त्या आत गेल्या. माझ्या शब्दावर त्या गेल्या नसत्या. मी तिचं नाव घेतलं म्हणून गेल्या.

दुपारपर्यंत दोघींना ओकाऱ्या सुरू झाल्या, तिघींच्या डोळ्यांतून पाणी थांबेना, आणि नंदा दोन ओळींच्या मधे पडली. कुणीतरी नदीपलीकडे पळालं. हलिमाबी आली ती चपला हातात घेऊन. बायांना विहिरीवर नेलं, अंगावरची लुगडी सोडायला लावली, मला पाठमोरं उभं केलं, साबणाने एकेकीला घासून घासून धुतलं. माझ्या त्या वेळेवर आलेल्या ट्रकातून तिने बायांना दवाखान्यात नेलं. कापूस बांधावरच राहिला. सगळ्या जगल्या. नंदा पंधरा दिवसांनी घरी आली, आणि तेव्हापासून सुईत दोरा ओवायला ती दुसऱ्या कुणाला तरी हाक मारते.

चौकशीला वरून दोन साहेब आले. त्यांनी माझा कागद मागितला. त्यात स्पष्ट होतं: देखरेख, हलिमाबी.

"ही बाई जागेवर असायला हवी होती ना?"

"कागदावर होत्या," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. इतक्या सावधपणे खरं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. माझ्या बॅगेत पहिला आराखडाही होता, आठ दिवसांचा. दोन कागद शेजारी ठेवले असते तर शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मी बॅगेची चेन लावली. हलिमाबीचं काम गेलं, माझं राहिलं. गावात बोललं जाऊ लागलं की चाचीनेच बाया विषात घातल्या, कारण बांधावर तिचं नाव घेतलं गेलं होतं हे अकरा जणींनी कानांनी ऐकलं होतं. ज्या बाया तिच्या सांगण्यावरून ओळी धरत, त्या तिच्या दारावरून तोंड फिरवून जाऊ लागल्या.

पुढच्या वेचणीच्या वेळी मला राहवलं नाही. दोन्ही कागद घेऊन तिच्या घरी गेलो. ती अंगणात मिरच्यांची देठं काढत होती. मी सगळं सांगितलं: शून्य, कचोरी, बांधावरचं वाक्य, बॅगेची चेन. तिचा हात थांबला नाही.

"मले काऊन सांगून राह्यला? मले तं माहीतच होतं मी बाया सोडल्या नव्हत्या. ज्याईले माहीत नाई त्याईच्याइथी जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या ओट्यासमोर बायांना हेच सगळं सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याच संध्याकाळी सगळ्या जणी तिला बोलवायला गेल्या. तिने सगळ्यांना चहा पाजला, नंदाचे डोळे उजेडात धरून पाहिले, पण ओट्यावर काही आली नाही. म्हणाली, "मी नव्हती तिथी, तरी माह्या नावानं तुमी आत गेल्या. असं नाव घेऊन पुन्यांदा ओट्यावर उभी राहायले भेव लागते मले." मग एकीच्या सासूची चौकशी करू लागली.

त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली. ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं. मी नोकरी सोडली होती, तरी बातमी कळली तसा गेलो. अंगणात ही गर्दी. तिचा मुलगा सुरतेहून निघाला होता, कबर खोदायला माणसं मिळाली नव्हती, पाहुण्यांना पाणी नव्हतं, आणि जो तो दुसऱ्याला विचारत होता. माझ्याच्याने बघवेना. खिशातून कागद-पेन काढलं, गुडघ्यावर ठेवून लिहायला लागलो: कबर, चार जण, पाणी, दोन जणी, स्टँडवर मुलाला घ्यायला एक. वर ठळक अक्षरात तिचं नाव घातलं आणि दोन माणसांना हाताने जवळ बोलावलं.

अंगणाच्या कडेला बायांमध्ये नंदा बसली होती. ती उठली, डोळे बारीक करून आधी मला ओळखलं, मग माझ्या गुडघ्यावरचा कागद.

"उठ तिथून," ती म्हणाली. "मेल्यावर तं चाचीले तुह्या कागदावर नको घेऊ."