उरलेलं सातवं रोप

परवा सकाळी चहा गॅसवर तसाच सोडून मी गाऊनवरच बागेत नाचत होते... तयार झाला! माझा टोमॅटिलो तयार झाला!

आमच्या दिल्लीतल्या, द्वारकेच्या फ्लॅटला तळमजल्याचा एकच फायदा, खिडकीखाली चार हात माती. तिथे मी काय काय लावते आणि त्यावर नवरा काय काय बोलतो, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

टोमॅटिलो म्हणजे मेक्सिकोचा हिरवा, आंबट टोमॅटो. इथे कागदी टरफलातली रसभरी मिळते ना, तसाच टरफलात बसलेला, पण लिंबाएवढा. एका व्हिडिओत त्याची चटणी पाहिली आणि म्हटलं, यार, याचा ठेचा काय भन्नाट होईल! लगेच ऑनलाइन बी मागवलं.

डिसेंबरच्या थंडीत दह्याच्या रिकाम्या डब्यांत बी रुजवलं, उन्हामागे डबे या खिडकीतून त्या खिडकीत फिरवले. चक्क सात रोपं आली! तेवढ्यात संक्रांतीचं हळदीकुंकू आलं आणि आयडिया सुचली... यंदा वाण म्हणून रोपंच लुटायची. पाच जणी आल्या, पाच रोपं गेली. सगळ्यात ठसठशीत मी आधीच स्वतःसाठी बाजूला ठेवलं होतं. हो, आहेच मी तशी.

सातवं उरलं. मरतुकडं, एका बाजूला कललेलं.

आता खरं सांगते. आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर सुलभावहिनी राहतात. अकरा वर्षं माझ्या हळदीकुंकवाची रांगोळी त्यांनीच काढली. गेल्या वर्षी त्यांचे यजमान गेले... आणि यंदा मी त्यांना बोलावलं नाही.

कुणी मला अडवलं नव्हतं हो. 'उगाच त्यांना अवघड व्हायला नको' असं मीच मनाला समजावलं. अवघड मला होणार होतं, ते कबूल करायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी त्या समोर आल्या. काय बोलावं सुचेना, म्हणून घरातून ते सातवं रोप आणून त्यांच्या हातात दिलं. "घ्या वहिनी, एक उरलंय." त्या "अच्छा" म्हणाल्या आणि वर गेल्या. त्यानंतर दोन महिने आमचं बोलणं "बरं ना?" एवढ्यावरच.

इकडे माझं रोप मस्त कमरेपर्यंत आलं. पिवळी फुलं तर इतकी, की रोज फोटो! पण फळ एक नाही. टरफलं लटकायची, दाबून पाहावं तर आत नुसती हवा. मार्च संपत आला होता... एकदा लू, म्हणजे इथला उन्हाळ्यातला भाजणारा वारा, सुटली की खेळ खलास.

मग कुठेतरी वाचलं, टोमॅटिलोचं एकटं रोप फळ धरतच नाही म्हणे! शेजारी दुसरं रोप हवं. आणि मी शहाणीने प्रत्येक घरी एकेक वाटलेलं! पाचही जणींना फोन लावले. एकीचं जास्त पाण्याने कुजलं, एकीच्या माळ्याने गवत समजून उपटलं, बाकी तिघींची थंडीतच गेली. म्हणजे राहिलं एकच... वहिनींचं.

तीन दिवस मी लिफ्टपर्यंत जाऊन परत आले. नवरा म्हणाला, "एक रोप मागायला एवढं काय?" त्याला काय सांगणार, रोपाआधी मला माफी मागायची होती.

शेवटी बेल वाजवलीच. दार उघडलं आणि मागे बाल्कनीत काय दिसावं... ते मरतुकडं रोप माझ्या रोपापेक्षा डेरेदार! फुलांनी लगडलेलं आणि फळ शून्य. मला एकदम रडूच फुटलं. "वहिनी, चुकलं माझं. तुम्हाला बोलवायला हवं होतं."

त्यांनी मला आत नेऊन खुर्चीवर बसवलं. मग म्हणाल्या, "अगं, दोन रोपं लागतात हे मला होळीच्या आधीच कळलं होतं. रोज वाटायचं, कुंडी घेऊन खाली यावं. पण बोलावल्याशिवाय कशी येऊ?"

हे जे लागलं ना मला... अजून लागतंय.

त्याच दुपारी आम्ही दोघींनी ती कुंडी लिफ्टमधून खाली आणली, माझ्या रोपाला खेटून ठेवली. लेकाच्या रंगपेटीतला ब्रश या फुलावरून त्या फुलावर फिरवला, बाकी मधमाश्यांवर सोडलं. आठवड्याभरात टरफलात टणक गोळ्या लागायला लागल्या! महिनाभर वहिनी रोज सकाळी खाली, टरफलं दाबून बघायला.

आणि परवा फळ इतकं भरलं की टरफल उकललं. मी खालून हाका मारल्या, वहिनी अनवाणी धावत आल्या. तयार झालेले टोमॅटिलो गॅसवर खरपूस भाजले, लसूण, मिरच्या, दाणे घालून त्यांच्या खलबत्त्यात कुटले. काय आंबटतिखट लागला ठेचा... ज्वारीच्या चार भाकऱ्या दोघींनीच संपवल्या!

काल सकाळी बेल वाजली. दारात वहिनी, हातात झाकलेली वाटी. "घे गं, थोडा उरलाय." आणि अश्शा मिश्कील हसल्या की मी दारातच हसत रडत उभी.

तिथल्या तिथे येत्या संक्रांतीचं बोलावणं देऊन टाकलं. वहिनी म्हणाल्या, "येईन. पण रोप जरा ठसठशीत दे."

बिल्कुल, वहिनी. सगळ्यात ठसठशीत तुमचंच.