मुनीमजी जिथं थांबायचे

साल १९८७. माझं वय तेव्हा बावन्न. शाळेच्या दाखल्यावर पन्नास आहे, पण तो मास्तरनं अंदाजानं लिहिला होता आणि मी माझ्या आईचं ऐकतो. शाळा चौथीपर्यंत झाली. मग मागावर बसवलं, तिथून उठलो तो सोसायटीचा अध्यक्ष व्हायलाच. अक्षर माझं आजही वाकडंतिकडं आहे, पण हे माझ्या हातानं लिहितो आहे. कुणाला सांगून लिहवून घेत नाही.

सोसायटी म्हणजे आमच्या तांडापेठेतल्या हातमाग विणकरांची. सूत घ्यायचं, घरोघरी वाटायचं, विणून आलेली लुगडी-धोतरं जमा करून विकायची. सभासदांत अंगठा लावणारेच जास्त. म्हणून वर्षाचा हिशेब आमच्यात कागदावर वाटायची पद्धत नव्हती. आमसभेत मोठ्यानं वाचायचा आणि वाचायचे मुनीमजी. आकडा ते तोडून वाचत. "अकरा लाख," म्हणून थांबायचे. सभा म्हणायची, "हूं." "बेचाळीस हजार." "हूं." "तीनशे दहा." "हूं." गोष्ट ऐकणारा हुंकारा देतो ना, तसा. हुंकारा कमी पडला की मुनीमजी चष्म्यावरून बघायचे आणि तोच आकडा पुन्हा वाचायचे. मागच्या कोपऱ्यातली एखादी बाई गप्प राहिली तरी त्यांना कळायचं. सगळ्यात शेवटचा आकडा झाला, सभेचा हुंकारा झाला, की ते स्वतः एक हुंकारा देत, उशिरानं, नाकातून, आणि चष्मा काढत. तो आला की हिशेब संपला. त्यानंतर शंका काढायला कुणाला तोंड राहत नसे.

त्यांची बायको, आमच्या वहिनी, माहेरच्या खाप्याच्या. त्याही सभासद, पण गुडघ्यांनी बसल्या जागी बसवलेलं. तर सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीमजी घरी त्यांना सगळा हिशेब पुन्हा वाचून दाखवत. एकट्या बाईसाठी सगळा. लोक हसायचे. मीही हसलो आहे.

त्या वर्षी संक्रांतीनंतर मुनीमजींना ऑफिसातच दम लागला. रिक्षात उचलून घातलं आणि घरी नेलं. मी खाटेजवळ बसलो होतो.

"यंदा तूच वाच गा," ते म्हणाले.

"मले कुठं वाचता येते?"

"आकडे येते ना. मीच तं शिकवले. मांगून तीन सोडाचे, मंग दोन-दोन. टिकली दिसली का थांबाचं. लोकं हूं म्हनत नाही तवर पुढं जाऊ नको."

टिकली म्हणजे आकड्यातला स्वल्पविराम. तो शब्द मला फार उशिरा कळला.

"बरं," मी म्हटलं.

"कागद वाटून मोकळा नको होऊ."

"नाही होत म्हनलं ना. आता झोपा."

तो आठवडा काही त्यांनी पुरा केला नाही.

रिक्षात घातलं तेव्हा त्यांच्या वहाणा त्यांच्या खोलीबाहेर राहिल्या होत्या. खोलीत गादी, उतरतं मेज, भिंतीला टेकायला लोड. वहाणा बाहेर काढल्याशिवाय ते कुणाला आत घेत नसत. वहिनींनी मला दोनदा निरोप पाठवला, "भाऊजी, त्याहीच्या वाहना आनून द्या, कोन्या गरिबाले देऊन टाकतो." मी उद्या आणतो म्हटलं. उद्या झाला, परवा झाला. सूत घ्यायला येणारा प्रत्येक माणूस त्या ओलांडून जायचा, पण पायानं सरकवत कुणी नव्हतं. मी त्या का नेत नव्हतो, हे मला कुणी विचारलं असतं तर भांडलो असतो.

उन्हाळ्यात सरकारी योजनेतून काम्पुटर आला. त्याला धूळ चालत नाही, ऊन चालत नाही, म्हणून खोली मुनीमजींची धरली. गादी उचलली तर खाली फरशीवर तेवढाच चौकोन फिकट. तो पुष्कळ पुसला, पण गेला नाही. खिडकीत कूलर लागला, टेबल आलं, आणि दारावर पाटी लागली की चपला बाहेर काढा. म्हणजे पुन्हा त्या दाराशी चपलांचा ढीग, आणि ढिगात सगळ्यात भिंतीकडे मुनीमजींच्या वहाणा, मालक आत बसलेला असावा तशा.

काम्पुटर चालवायला बाई ठेवली. रामदासपेठेतल्या क्लासात शिकलेली, मोपेडवर यायची, मला आधी अध्यक्षसाहेब म्हणायची. मी म्हटलं, "साहेब नको वं, काका म्हन." तिनं पहिल्याच दिवशी मला बसवून दाखवलं. पडद्यावर सगळे चौकोन चौकोन. एका चौकोनात तिनं सुताच्या खरेदीचा आकडा बदलला. आणि खाली, कुणी हात न लावता, बेरीज बदलली.

माझ्या अंगावर काटा आला. त्या खोलीत बेरीज करणारं एकच माणूस होतं.

"कोनं केलं हे?" मी विचारलं.

"मशीननं केलं, काका."

मी उठलो आणि बाहेर येऊन वहाणा बघितल्या. जागेवर होत्या.

पोळ्याच्या आधी हिशेबाचा पहिला कागद छापून निघाला. ते छापायचं यंत्र एक ओळ खरडायचं, थांबायचं, पुन्हा खरडायचं. ते थांबलं की मला वाटायचं, आता हूं म्हणायचं आहे. कागद हातात आला तर प्रत्येक आकड्याच्या आधी एक चिन्ह, वळवळता साप आणि त्यावर उभी रेघ.

"हे कोनं खोडून ठेवलं?"

"खोडलं नाही काका, डॉलर आहे तो," बाई म्हणाली. "आत्ता काढते."

खरंच काढला. दुपारपर्यंत तिथं 'रु.' आणायची खटपट केली, मराठी अक्षरं काही निघेनात, म्हणून इंग्रजीतलं आर-एस घातलं. मला तेवढं चाललं असतं. पण आकड्यात टिकल्या भलत्याच जागी होत्या. ते मला आधी समजलंच नाही. मी सरावाला म्हणून कागद घेऊन ओसरीवर गेलो. तिथं मागासाठी कांड्या भरणाऱ्या बाया सुताची वाट बघत बसल्या होत्या. मी म्हटलं हुंकारा द्या, आणि विक्रीचा आकडा धरला. टिकली दिसली तिथं थांबलो.

"एक लाख."

"हूं."

"दोनशे चार हजार."

हुंकारा आला नाही. कूलरचा आवाज तेवढा येत होता.

"दोनशे चार हजार कुठला आकडा असते गा?" एक म्हातारी म्हणाली.

दुसरी म्हणाली, "मांगच्या साली अकरा लाख आयकले होते. यंदा एक? बाकीचे कुठं गेले?"

"मुनीमजी गेले आन् त्याहीच्या मांगं मांगं लाख गेले," तिसरी म्हणाली. ती हसून म्हणाली, पण बाकी कुणी हसलं नाही.

संध्याकाळपर्यंत गोष्ट गोळीबार चौकापर्यंत पोचली होती: सोसायटी बुडाली, मशीननं खाल्ली. सकाळी दारात माणसं उभी, आमच्या भागाचे पैसे परत द्या म्हणून. मी त्यांना म्हटलं, आमसभेत ऐका, मग मागा. सचिव म्हणाले, छापून वाटून टाकू, ज्याला कळेल त्याला कळेल. मी म्हटलं, मी वाचणार. वाचताना अडकलो तर सोसायटी राहत नाही, हे मलाही दिसत होतं. तरी मी वाचणार.

बाईला जाऊन सांगितलं, टिकल्या जागेवर लाव.

"काका, मी कालपासून तेच बघून राहिले. चिन्ह बदलू देते, टिकलीच्या जागी टिंब लावू देते, पण ती कुठं पडायची ते बदलू देत नाही. जिथं हे बनलं तिथं लाख नाहीतच."

"लाख नाही? मंग ते लोकं काय मोजते?"

"हजार, हजाराचे हजार, असं."

"मंग तिकडं कोनी लखपती होत नसन."

ती हसली. मग म्हणाली, "आकडा अख्खा ठेवून जमणार नाही. तोडून बघते."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघाली, गल्लीत सगळे आरडाओरडा करत होते, ती दार लावून आत बसलेली. लाख वेगळे काढायचे, हजार वेगळे, उरलेलं वेगळं, आणि मधे आपली टिकली चिकटवायची, असं तिनं चौकोनांना शिकवलं. लाइन गेली की केलेलं सगळं जायचं आणि ती पुन्हा पहिल्यापासून. मी दाराबाहेर बसून राहायचो. आमसभा रविवारी. शनिवारी दुपारी ती कागद घेऊन बाहेर आली, तोंड एवढंसं करून.

"जमलं नाही, काका. शून्यं खाऊन टाकली."

मी कागद बघितला. विक्रीच्या समोर लिहिलं होतं: १२,४,५०. इंग्रजी आकड्यांत, पण मला दोन्ही येतात.

"बारा लाख शून्य चार हजार पाहिजे," ती म्हणाली, "आणि शेवटी शून्य पन्नास. हे चूक आहे. सोमवारपर्यंत वेळ द्या."

मी टिकलीवर बोट ठेवलं. "बारा लाख," म्हटलं आणि थांबलो. "चार हजार." थांबलो. "पन्नास."

तिनं वाकून कागद पुन्हा बघितला.

"वाचताना शून्य कोन बोलते वं?" मी म्हटलं.

"हे ऑडिटरला दाखवू नका म्हणजे झालं," ती म्हणाली. "त्याला मी शून्यांचा वेगळा देईन."

आमसभा शाळेच्या पटांगणात होती. एवढी माणसं मी आधी बघितली नव्हती. सूत परत करायला काही जण गठ्ठे घेऊनच आले होते. मी उभा राहिलो, चष्मा लावला. सुताची खरेदी वाचली. हुंकारा आला, पण जेमतेम. मी चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा वाचली. आता बरा आला. मग विक्री.

"बारा लाख."

थांबलो. कुणी हललं नाही. मला वाटलं, संपलं. मुनीमजींनी सांगितलं होतं पुढं जाऊ नको, म्हणून गेलो नाही. कागद धरून उभा राहिलो. मग त्या ओसरीवरच्या म्हातारीनं मागून मोठ्यानं "हूं" केलं, आणि तिच्यामागून सगळ्या पटांगणानं.

"चार हजार." "हूं." "पन्नास." "हूं."

तिथून पुढं मी वाचलं की कुणी माझ्याकडून वाचून घेतलं, सांगता येत नाही. थांबायची जागा आली की माझा श्वास आपोआप थांबायचा. शेवटच्या आकड्याला सभेचा हुंकारा आला आणि मी कागद खाली घेतला. आनंदाच्या भरात मी शेवटचा हुंकारा द्यायचा विसरलो.

पण तो आला. उशिरानं, नाकातून, माझ्या पाठीमागून. पाठीमागं शाळेची भिंत होती.

मी वळून बघितलं नाही. चष्मा काढला. बाई पहिल्या रांगेत होती, तिला नंतर विचारलं, शेवटी कोण बोललं? ती म्हणाली, "तुम्हीच ना, काका." मी बोललो नव्हतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पटवून घेऊ नये.

गठ्ठे आले तसे घरी परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडायच्या आधी तिथं गेलो. भिंतीकडच्या वहाणा उचलल्या, झटकल्या, सुताच्या पिशवीत घातल्या आणि मुनीमजींच्या घरी नेऊन वहिनींच्या पुढ्यात ठेवल्या. मग खिशातून तो शून्यं नसलेला कागद काढला, "वैनी, हुंकारा द्या," म्हटलं आणि पहिल्या आकड्यापासून वाचायला बसलो.