इंग्रजीतून आठवणारे घरमालक

आठवणी नाहीत असा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात सापडायचा नाही. पण त्या ज्याला इंग्रजीतून येतात असा माणूस उभ्या जिल्ह्यात एकच होता, आणि त्याच्या पडवीतल्या खोलीत मी चार वर्षं राहिलो. ते आमचे घरमालक. बंदर खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, घरात एकटे, अंगात बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि काखेत पाठकोऱ्या सरकारी कागदांची, सुतळीनं शिवलेली वही. बाकीचा सगळा व्यवहार ते चारचौघांसारखा मराठीतून करायचे. भाजी मराठीत घ्यायचे, भांडण मराठीत करायचे, देवावर चिडले तरी मराठीतच चिडायचे. पण काही आठवायची वेळ आली की चष्मा कपाळावर चढायचा आणि इंग्रजी सुरू व्हायचं. साधं 'आठवतं' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. "आपल्याकडे सगळ्याला एकच शब्द," ते म्हणायचे. "किल्ली कुठे ठेवली तेही आठवतं आणि आई कशी दिसायची तेही आठवतं. हे काय बरोबर नाही. इंग्रजानं बघ, प्रत्येक आठवणीला वेगळं भांडं केलंय."

ही सगळी भांडी त्या वहीत मांडलेली होती. काही बोटीवरचे अधिकारी मागे टाकून गेलेल्या, पुठ्ठे उडालेल्या कादंबऱ्यांतून उचललेली, काही वाण्याच्या पुडीच्या कागदावरून. सगळ्यात लहान भांडं म्हणजे 'रिंग्ज अ बेल'. हे किल्ल्या, छत्र्या आणि लांबचे नातेवाईक यांच्यासाठी. वासावरून काही आठवलं तर 'टेक्स मी बॅक'. ठसठशीत आठवणीला 'ॲज इफ इट वॉज यस्टरडे'. आणि हंडा म्हणजे 'इट ऑल केम फ्लडिंग बॅक'. "हे वर्षातून एकदाच वापरायचं," असं त्यांनी मला बजावलं होतं. "आणि बसून वापरायचं. उभ्यानं वापरलंस तर पडशील." एकदा मी त्यांच्याबरोबर मासळीबाजारात गेलो. मासेवालीनं टोपलीवरचं फडकं काढलं तसा यांचा चष्मा वर गेला, डोळे मिटले आणि "इट टेक्स मी बॅक..." असं काहीतरी बराच वेळ चाललं. मासेवाली हातात दोन बांगडे धरून थांबली. शेवटी म्हणाली, "भाऊ, आठवण काढून झाली असंल तर आता पिशवी काढा. मागं गिऱ्हाईक खोळंबलंय."

शेजारच्या शाळामास्तरांच्या निरोपसमारंभात यांना दोन मिनिटं बोलायला दिली होती. यांनी 'अ ट्रिप डाऊन मेमरी लेन' एवढंच सांगितलं, पण ते समजावून सांगायला वीस मिनिटं घेतली. लेन म्हणजे रस्ता नव्हे. लेन म्हणजे आपली पाखाडी, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची, दोन्ही बाजूंनी रचलेल्या दगडांचे गडगे असलेली. "आणि लक्षात घ्या, इंग्रज 'डाऊन' म्हणतो. 'अप' म्हणत नाही. पाखाडी उतरताना काही वाटत नाही. परत चढताना छाती भरते." तेवढ्यात चहा आला आणि लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. टाळ्या चहाला होत्या, पण ते मान लववून खाली बसले.

अशा माणसाला माझ्यासारखा विद्यार्थी मिळणं हे त्यांचं दुर्दैव. मी लांज्याकडच्या एका गावचा. वडील मुंबईला एका कचेरीत शिपाई, आई गावी शेतीत. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. बी. ए. झालो तेव्हा माझा पदवीचा कागद तीन वाड्यांत फिरून आला, आणि परत आला तेव्हा त्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा फणसाचा चीक होता. तो डाग अजून आहे, आणि मला तो विद्यापीठाच्या शिक्क्याइतकाच प्रिय आहे. पण इंग्रजी म्हटलं की माझी जीभ त्याच चिकानं चिकटल्यासारखी अडायची. तीन मुलाखतींना गेलो आणि तिन्ही ठिकाणी "तुमच्याविषयी सांगा" म्हटल्यावर नाव सांगून गप्प बसलो. चौथी मुलाखत, टायपिंगच्या परीक्षेनंतरची, चिपळूणला एका कार्यालयात होती. तीही गेली असती तर वडील मला मुंबईला नेऊन त्यांच्या साहेबासमोर उभा करणार होते. शिपायाच्या जागेसाठी. "तुझी पदवी आपण सांगायची नाही," असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. "साहेबाला अवघड वाटेल."

ते पत्र मी घरमालकांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी करून मला परत दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी ओटीवर शिकवणी सुरू केली. त्यांचं म्हणणं असं, की मुलाखतीत हमखास एखादा अविस्मरणीय प्रसंग विचारतात, आणि तिथेच माणसाची परीक्षा होते. "सांग, तुला काय आठवतं ते." मी पुष्कळ विचार करून म्हणालो, "आय विव्हिडली रिमेंबर अवर बफेलो." ते कळवळले. "अरे बाबा, म्हशीला विव्हिडली नको. म्हशीला नुसतं रिमेंबर पुरे." मग मी शाळेच्या वाटेवरचा, पावसात दुथडी वाहणारा पऱ्या सांगितला. त्यातही म्हैस आली. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "नमुना म्हणून मी एक सांगतो. नीट ऐक."

तो नमुना त्यांच्या पत्नीचा होता. ते नोकरीनिमित्त जयगडला होते तेव्हा ती आजारी पडली आणि तिला उपचाराला मुंबईला भावाकडे पाठवायचं ठरलं. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची. तिथपर्यंत पडावातून जावं लागे. त्या पडावात उभी राहून तिनं हात वर केला. ती परत आली नाही. एवढंच. पण त्यात 'यस्टरडे' होतं, 'एच्ड इन माय मेमरी' होतं, बोटीच्या भोंग्याबरोबर येणारं 'फ्लडिंग बॅक' होतं. ते खाली बसून, एका लयीत सांगत होते. मी लगेच उतरवून घेतलं आणि आठ दिवस घोकलं. ती एक खरीखुरी बाई होती हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माझ्यासमोर नमुना-उत्तर आलं की मला फक्त पाठ करता येतं; माझं सगळं शिक्षण तसंच झालेलं.

मुलाखतीला समोर तिघं होती. मधे जाडसर साहेब, एका बाजूला सतत फॉर्म चाळणारे एक बारीक गृहस्थ, दुसऱ्या बाजूला पन्नाशीच्या एक बाई. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, कधीही न विसरता येणारा दिवस सांगा. मला इतका आनंद झाला, की मी खुर्चीतच पुढे सरकलो. "इट इज ॲज इफ इट वॉज यस्टरडे," मी सुरू केलं. "आय कॅन स्टिल सी माय वाइफ स्टँडिंग इन द बोट." 'वाइफ' म्हटल्यावर माझ्या ध्यानात आलं. पण आमच्या शाळेत कविता मधे थांबवली की पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणावी लागे. त्या भीतीनं मी थांबलोच नाही. बायको पडावात बसवली, हात वर केला, भोंगा वाजवला, पूर आणला आणि गप्प झालो. बारीक गृहस्थ फॉर्मवर वाकून पुटपुटले, "इथे तर अविवाहित लिहिलंय." साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, विधुर असा रकाना कुठाय त्यात?" बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मराठीत, अगदी हळू विचारलं, "नाव काय होतं हो तिचं?"

मला ठाऊक नव्हतं. चार वर्षं मी त्या घरात जेवलो-झोपलो, आठ दिवस त्या बाईला घोकलं, आणि तिचं नाव विचारायचं मला सुचलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. भीतीनं आले की लाजेनं, ते मला अजून ठरवता येत नाही. बाईंनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

नोकरी लागली. कागदपत्रं दाखवायला बोलावलं तेव्हा मी आधी त्या बाईंसमोर उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: माझं लग्न झालेलं नाही, बायको घरमालकांची, तुम्ही नोकरी परत घ्या. त्या हसायला लागल्या. "अहो, माझं माहेर जयगडकडचं. त्या काळी बोटीपर्यंत पडाव जायचे तेव्हा तुम्ही पाळण्यात होतात. बसल्याबसल्या कळलं मला, नंतर साहेबांनाही सांगितलं. पण टायपिंगमध्ये तुम्ही पहिले होतात, आणि साहेब म्हणाले, दुसऱ्याचं दुःख इतकं अचूक पाठ करणारा माणूस फायलीतलं काहीच चुकवणार नाही." मग हसू थांबवून म्हणाल्या, "पण नाव विचारून ठेवा हो. विचारायला हवं होतंत."

पेढे घेऊन मी रत्नागिरीला आलो तेव्हा घरमालक ओटीवर आमसुलं पसरत होते. बोटं जांभळी झालेली. मी पाया पडलो आणि सगळं सांगितलं. ते रागावतील, निदान खोली सोडायला सांगतील, अशी माझी तयारी होती.

"फ्लडिंग बॅक घातलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बसून?"

"खुर्चीवर बसून."

"मग ठीक. पुढे काय म्हणाले?"

"बाईंनी नाव विचारलं. मला सांगता आलं नाही, काका."

त्यांचा आमसुलावरचा हात थांबला. चष्मा वर जाईल म्हणून मी वाट बघत होतो, पण तो गेला नाही.

"द्वारका," ते म्हणाले. मग मराठीतच बोलायला लागले, आणि आवाज मला अनोळखी वाटला. "तो निरोपाचा हात नव्हता रे. इंग्रजीत ते बरं दिसतं म्हणून मी तसं घातलं. तिनं सकाळी मूग भिजत घातले होते. ते उपसून फडक्यात बांधून ठेवा, म्हणून पडावातनं ओरडून सांगत होती. भोंग्यात मला ऐकू जाईना, म्हणून हातानं गाठ मारायची खूण करून दाखवत होती. तोंडानं म्हणत होती, 'विसरू नका.' तेवढं मात्र ऐकू आलं." त्यांनी एक आमसूल उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. "मी विसरलो. चौथ्या दिवशी वास सुटला तेव्हा ध्यानात आलं. पातेलं घासत होतो, तेवढ्यात तार आली."

मी ग्रॅज्युएट. त्यांची अख्खी वही मला पाठ होती. तिच्यातलं एकही भांडं मला त्या वेळी पुढे करता आलं नाही.

"आठवतं," ते म्हणाले. मग पेढा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि मला वडिलांना तार करायला पाठवलं.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती नोकरी मी अजून करतो, आणि माझं इंग्रजी अजून म्हशीपाशीच अडतं. घरातली कामं मला जमत नाहीत, सांगितलेलं सामान मी निम्मं विसरून येतो. मात्र मूग भिजत घातले की रात्री न सांगता उठून ते उपसतो, ओल्या फडक्यात गच्च गाठ मारून बांधतो आणि वर वाटी पालथी घालतो. लग्न झालं तेव्हा बायकोला याचं फार नवल वाटलं होतं.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"घरमालकांनी."

"ते तर इंग्रजी शिकवायचे ना?"

"हो," मी म्हणालो. "तेही."