वास्तुशांत केलेली गाडी

जाहिरातीत काय लिहायचं, इथूनच आमचं वाजलं. लेक माहेरपणाला आली होती, मोबाइल हातात घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आई, 'गाडी विकणे आहे' असं टाकते."

"खबरदार!" मी म्हटलं. "घर विकणे आहे, असं टाक."

आमचे हे ओट्यावरून ओरडले, "घर टाकशीन तं लोक उतारा मागतीन. कोणता उतारा दाखवशीन?"

शेवटी लेकीनं आपल्या मनानं 'राहण्यासारखी गाडी' असं टाकलं. राहण्यासारखी म्हणजे काय, सांगा बरं? आम्ही तिच्यात राहिलोच होतो की! पण लेकीशी भांडून उपयोग नव्हता, कारण मला स्वतःलाच नक्की सांगता येत नव्हतं की आपण विकतोय ते काय.

यांचा सगळा जन्म लाल गाडीच्या स्टेअरिंगवर गेला. जिथं डेपो तिथं आमची खोली. मेहकर झालं, चिखली झाली, मलकापूर झालं, शेवटी मोताळा. सगळीकडे भाड्याची खोली अन् सगळीकडे घरमालकीण बजावणार, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. मी कधी 'घरी चालली' म्हटलं नाही. 'खोलीवर चालली' म्हणायची. हे निवृत्त झाले तेव्हा मी बुलढाणा रस्त्याला एक प्लॉट मनात धरून ठेवला होता. प्लॉटात एक कडुलिंब होता, त्याच्या कोणत्या बाजूला ओटा येईल तेही ठरवलं होतं. अन् एक दिवस दारात हॉर्न वाजला. पाहते तर शाळेची मुलं न्यायची जुनी पिवळी मिनीबस, अन् आत आमचे हे.

"अव माय!" मी म्हटलं. "आता शाळा काढता का?"

"तुह्यं घर हाय हे," ते म्हणाले. "जाशीन तिकडं घिऊन जाता येते."

माझं डोकंच फिरलं. जगातली माणसं प्लॉट घेतात, यांनी घराला चाकं लावून आणली. मी बोलणंच बंद केलं. स्वयंपाक करायची, ताट आदळायची, शब्द नाही.

माझा अबोला मोडला तो वेल्डिंगवाल्या मिस्तरीच्या दुकानासमोर. बाकं काढून झाली होती, खाली प्लाय टाकला होता, वर पाण्याची टाकी बसली होती. मिस्तरी खडू घेऊन उभा होता. त्यानं यांना सोडून मला विचारलं, "भाभी, मोरी किधर चाहिए?" आता माझी मोरी कुठं पाहिजे, हे उभ्या आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. मी खडू हातात घेतला तो सोडलाच नाही. मोरी इथं, मागच्या उजव्या कोपऱ्यात गॅसचा ओटा, दिवाणाखाली धान्याच्या पेट्या. पत्र्याला दोन हुक ठोकून घेतले. एक कॅलेंडरला, अन् एक उगीच, कोणी नाही म्हणत नाही म्हणून.

पण मी एक अट घातली. घर म्हणता ना? मग वास्तुशांत करा.

गुरुजी आले अन् तेही गोंधळले. वास्तुपुरुषाची मूर्ती आग्नेय कोपऱ्यात जमिनीखाली ठेवतात. इथं जमीन म्हणजे प्लाय अन् आग्नेय म्हणजे गाडी वळेल तसा वळणारा कोपरा. गुरुजींनी गाडीभोवती चक्कर मारली, सूर्याकडे पाहिलं, अन् निकाल दिला. गाडीचं तोंड उत्तरेला करा, म्हणजे मागचा उजवा कोपरा आग्नेय. तिथं माझा ओटा होताच. मी खूश. मग नव्या घराच्या रीतीप्रमाणे दूध उतू घालवलं. ते पार प्लायच्या फटीत गेलं अन् पुढं कितीतरी दिवस गाडीला आंबूस वास येत राहिला. मी दूध पुसत होते तेव्हा गुरुजींनी तांब्याची डबी यांच्या हातात दिली, आत बसवून वरून प्लाय पक्का करायला सांगितलं. यांनी केलं.

मोताळ्याची भाड्याची खोली हातची ठेवली अन् आमचं हिंडणं सुरू झालं. अन् माझा नियमही. मुक्कामाला गाडीचं तोंड उत्तरेलाच पाहिजे, नाहीतर वास्तू चुकली. लोणारला, शेगावला, कुठंही गेलो की हे गाडी पुढं-मागं करत बसायचे अन् मी खाली उतरून हात हलवायची, "अजून थोडी! डावीकडं घ्या!" पार्किंगचा वॉचमन म्हणायचा, "काका, एवढी जागा मोकळी पडेल हाय, काऊन फिरून राह्यले?" हे मुकाट्यानं फिरवायचे. एका शब्दानं कुरकुरले नाहीत. मला तेच नवल वाटायचं, कारण हा माणूस एरवी मिठावरूनसुद्धा तासभर कुरकुरतो.

प्रवासात मात्र त्यांना एक खोड लागली होती. पहिल्याच फेरीपासून विचारायचे, "कोणतं गाव आलं वं?" मी पाटी वाचून सांगायची. जन्मभर याच रस्त्यांवर गाडी हाकलेला माणूस मला काय गावं विचारतो? मला वाटे, बोलायला विषय नाही म्हणून विचारतात. मीही ऐटीत सांगायची. "डोणगाव आलं. पुढं गतिरोधक हाय."

घर राखायचं की गाडी राखायची, हे काही मला शेवटपर्यंत उमगलं नाही. छत गळलं की डांबराचा हात मारा, बॅटरी उतरली की ढकला, उंदरांनी वायरी कुरतडल्या की मिस्तरीकडे पळा. दसऱ्याला झेंडूचं तोरण दाराला लावायचं की बॉनेटला हार घालायचा? मी दोन्ही केलं. शेजारीण हळदीकुंकवाला आली तेव्हा चप्पल पायरीवर काढावी की खाली रस्त्यावर, म्हणून बिचारी एक पाय वर ठेवून उभी राहिली.

मागच्या सोयाबीनच्या हंगामात डोणगावच्या पुढं कोणीतरी रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलं होतं. मी मागं चहा करायला गेले होते. यांनी गाडी सरळ त्याच्यावरून नेली. शेतकरी काठी घेऊन धावला, अन् आमचे हे स्टेअरिंग धरून नुसते बसून राहिले. "मले दिसलंच नाही वं," म्हणाले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती राखायची, अन् गाडी चालवणं बंद. मला गाडी येत नाही. म्हणजे घर गेलं. मी मोरीत तोंड धुवायच्या निमित्तानं रडून घेतलं.

गिऱ्हाइकं यायला लागली. एकजण गाडीखाली झोपून स्प्रिंगचे पाटे पाहून गेला, आत डोकावलाच नाही. दुसऱ्याची बायको विचारते, "पाहुणे आले तं कुठी झोपतेत?" कोणाला गाडी सांगावी अन् कोणाला घर, माझी जीभ अडखळायची. मग वरवट बकालचं एक मुसलमान जोडपं आलं. आठवडी बाजार करत हिंडणारे, कापडाचा धंदा. एका बाजाराहून दुसऱ्या बाजाराला जाताना मुक्कामाला त्यांना अशीच गाडी हवी होती. नवरा इंजिन ऐकत होता. बायको आत आली, इकडंतिकडं पाहिलं, अन् खांद्यावरची पिशवी माझ्या रिकाम्या हुकाला अडकवली. तेव्हाच मला कळलं की सौदा झाला.

राहता राहिला वास्तुपुरुष. गाडी द्यायच्या दिवशी मिस्तरीच्या दुकानासमोर उभं राहून मी गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, घर विकलं तर वास्तू घरासोबत राहते. गाडीचं मला सांगता येत नाही. शास्त्रात गाडी नाही." झालं! आता काय करावं? हे म्हणाले, "राहू दे नं तिथंच." मी म्हटलं, राहू द्यायचं नाही. माझ्या घराचं तेवढंच माझ्या हाताला लागणार आहे. हे पुन्हा म्हणाले, "कायले उकरतं?" माझा पारा चढला. मी पेचकस घेतला, स्क्रू काढले अन् ओट्याखालचा प्लाय उचकला.

खाली काही नव्हतं. धूळ, अन् त्या दुधाचे पिवळे डाग.

"अवो! डबी कुठी गेली?"

हे गाडीच्या दाराशी उभे. म्हणाले, "तुह्या सीटखाली हाय."

पुढच्या डाव्या सीटखाली, जिथं मी बसायची, तिथं! म्हणजे इतके दिवस मी उत्तर-उत्तर करत गावोगाव गाडी फिरवून घेतली ती फुकट? "तुमाले काही वाटलं नाही?" मी ओरडले. "मी देवाच्या उरावर बसून हिंडली! सांगतलं काऊन नाही?"

"मागं सायलेन्सर तापते. देवाले चटके बसले असते," ते म्हणाले. "मंग तुह्या सीटखाली पेटी होती, तिच्यात ठिवली. सांगतलं असतं तं तू त्या सीटवर बसली असती का? मागं दिवाणावर जाऊन बसली असती."

"बसली असती! मंग?"

"मंग मले पाट्या कोणं वाचून दाखवल्या असत्या?"

मी पेचकस खाली ठेवला. पहिल्याच फेरीपासून कोणतं गाव आलं, कोणतं गाव आलं. म्हणजे तेव्हापासूनच यांना धूसर दिसत होतं, अन् मी आपली ऐटीत गतिरोधक सांगत होते. राग कोणावर काढावा तेही मला कळेना.

"अन् गाडी कायले फिरवत होते एवढी?"

"तू म्हणे म्हणून."

सीटखालून डबी मीच काढली. गाडी न्यायला आलेली वरवट बकालची ती बाई शेजारी उभी होती. तिनं आपल्या ओढणीनं डबीवरची धूळ पुसून दिली. मग ती त्या सीटवर बसली, नवऱ्यानं चावी फिरवली. आमचे हे कान लावून ऐकत होते. "दुसऱ्या गिअरातच दामटून राह्यला," म्हणाले, "तिसरा टाक म्हणा त्याले." पण गाडी बाजाराच्या वळणाला लागली होती.

आम्ही चालत निघालो. मी त्यांचा दंड धरला होता, दुसऱ्या मुठीत डबी. ही डबी आता कुठं पुरायची? खोलीची फरशी उकरायला घरमालकीण देईल का? कोपरा तरी कोणता धरायचा? माझं डोकं त्यातच होतं, तोच चालता चालता यांनी सवयीनं विचारलं, "कोणतं गाव आलं वं?"

मी समोर पाहिलं. आमच्याच भाड्याच्या खोलीचं दार होतं.

"घर आलं," मी म्हटलं. "पायरी हाय, सांभाळा."