नळिनीचा डावा पाय

तेल कोमट झालं की कार्त्यायनी धाकट्या बहिणीच्या खाटेशी बसे. अर्धांगवायूने नळिनी आडवी झाली, वाचा गेली आणि डावा गुडघा पोटाशी येऊन बसला. "हा असाच आखडला, तर पुन्हा उभं राहणं विसरा," तलश्शेरीचा डॉक्टर म्हणाला. आखडलेले पाय मोकळे करण्यात जन्म घालवलेल्या बाईला हे सांगावं! ती तेव्हापासून हात धुऊन त्या गुडघ्यामागे लागली.

दोघी सर्कशीतल्या. थोरलीने धाकटीला तंबूत शिकवलं म्हणजे पिळून काढलं. नळिनी पाय फाकवत खाली सरकायची आणि जमीन चार बोटं उरली की भोकाड पसरायची. मग कार्त्यायनी सरळ तिच्या मांडीवर बसायची.

"एच्ची, मेले गं!" थोरल्या बहिणीला ती एच्ची म्हणे.

"मेलीस तर तेवढीच पेज वाचेल. तू पाय धरून ठेवतेस म्हणून दुखतं. सोड!"

"तू ऊठ आधी, म्हशी!"

अशा शिव्या खातच पोर एक दिवस अलगद जमिनीला टेकली. पुढे उंच टांगलेल्या दोन झोक्यांवर एकेक पाय ठेवून ती फाकायची, तेव्हा लोक टाळ्या वाजवायचे आणि कार्त्यायनी खाली जीव मुठीत धरून उभी असायची. लग्नाची वयं तंबूतच सरली. गावी परतल्यावर दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं.

"कशाला छळतेस तिला?" शेजारची रोहिणी म्हणायची. "आता काय झोक्यावर चढवायचीय?"

"चुलीपर्यंत न्यायचीय. मत्ती मासळी साफ करून करून माझे हात वास मारायला लागले."

हे आपलं बोलायचं. खरं म्हणजे, घरात तिला म्हैस म्हणणारं एकच माणूस होतं आणि ते गप्प झालं होतं. ते तिला सोसवत नव्हतं. ती पाय ओढायची, नळिनी डोळ्यांत पाणी आणून चांगल्या हाताने तिला उलट ढकलायची. "ढकल, अजून ढकल," कार्त्यायनी म्हणायची. त्या धक्क्यावर तिचा दिवस निघायचा.

त्या सकाळी पाय लोण्यासारखा मऊ होऊन सरळ झाला. कुठे अडला नाही. कार्त्यायनीने बाजूला नेला, तिकडेही गेला.

"सोडलास ना! शहाणी गं माझी! रोहिणी, धाव, पाय बघ हिचा!"

रोहिणी ओल्या हातांनी आली आणि दारातच थबकली.

"पायाकडे बघ ना, तोंडाकडे काय बघतेस?"

रोहिणीने नळिनीच्या नाकाशी हात धरला. मग तिने कार्त्यायनीला गच्च धरलं.

बाया जमल्या. नळिनीला केळीच्या पानावर ठेवलं, उशाशी दिवा लावला. पायांचे अंगठे एकत्र बांधायला एकीने पांढऱ्या कापडाची चिंधी फाडली. कार्त्यायनी दोन्ही पावलं पोटाशी धरून बसली होती.

"एच्ची, बांधावे लागतात. सोड आता," रोहिणी म्हणाली.

"आत्ता कुठे मोकळे झालेत गं," कार्त्यायनी म्हणाली. "इतक्यात नका बांधू."