अंगातलं भ्या

टेंभुर्णीच्या फाट्यावर पुण्याची एसटी सहज मिळत असताना मी जीपनं उलट जेऊरला जाऊन रेल्वे पकडली. अख्ख्या वस्तीला वाटलं, पोरीला रेल्वेची हौस. हौस कसली डोंबलाची. मला हायवे सोसत नव्हता. फलाटावर आई म्हणाली, "रडायचं न्हाय. घट्ट ऱ्हायचं." आबांनी, म्हणजे वडलांनी, नुसती पिशवी आत ठेवली. घट्ट राहण्यात मी तोवर पटाईत झालेच होते.

नववीत असताना आमची मेंढरं हायवे ओलांडत होती, मी आणि आबा पुढं. मागं ट्रक कळपात घुसला. आम्ही दोघं वाचलो, निम्मा कळप गेला. मी उभ्या जागी कापत होते. वस्तीवरच्या बायकांनी मला घोंगड्यात गुंडाळलं, दोघीतिघींनी आवळून धरलं, "कापू नगं बाय, झालं, सपलं." कापरं थांबलं तसा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण ते अंगातून गेलं कुठं होतं? त्यानंतर हॉर्न वाजला की माझे गुडघे जाम आणि खांदे कानाला. आबांनी उरलेली मेंढरं विकली आणि हायवे ओलांडणंच सोडलं. पलीकडं मावशीचं घर, तिथंही जाईनात.

पुण्यात लॅबमध्ये नोकरी लागली. चौकात सिग्नल पडला तरी मी फुटपाथवरच खिळलेली. शेवटी मैत्रिणीनं एका थेरपिस्ट मॅडमकडं नेलं. मला वाटलं, आता सगळी कहाणी ओकायला लावणार. तर त्यांनी विचारलं काय, "तळपाय जमिनीला टेकलेत, ते जाणवतंय का?" म्हटलं, घ्या, एवढ्यासाठी मी हाफ डे टाकला. पण खरं सांगू? नव्हतं जाणवत. गुडघ्याखाली मी आहे की नाही, हेच मला कळत नव्हतं.

असे बरेच आठवडे गेले. त्या दिवसाचा छोटा तुकडा सांगायचा की लगेच परत श्वास, पाय, खुर्चीची पाठ. एकदा सांगता सांगता मांड्या थरथरायला लागल्या. मी सवयीनं दात आवळून गुडघे दाबले. मॅडम म्हणाल्या, "दाबू नका. तेव्हा राहून गेलेलं काम शरीराला करू द्या."

मला हसूच फुटलं. अहो, हे तर आमच्या आबांचं. लांडग्याच्या तावडीतून सुटलेली मेंढी कापत उभी राहायची. आम्ही पोरं कुरवाळायला धावलो की आबा खेकसायचे, "लांब व्हा. तिचं भ्या तिला झाडू द्या की." अंग झाडून झालं की ती आपली आपण चरायला लागायची. मेंढीला जे कळपात मिळत होतं, ते आम्ही माणसांना दिलं नाही. बायांनो, तुम्हाला बोल लावत नाही, मायेनंच आवळलंत. पण चुकलंच आपलं. त्या दिवशी मी खुर्चीत मनसोक्त कापले, रडले आणि बाहेर येऊन दोन वडापाव खाल्ले.

गेल्या दिवाळीला मी एसटीनं टेंभुर्णीत उतरले. घाबरले, पण पाय माझे होते. आबांना म्हटलं, मावशीकडं जाऊ. "मला न्हाय जमायचं." "न्हाय जमलं तर माघारी येऊ की." आईही आली. रस्त्याच्या कडेला पहिला ट्रक गेला आणि आबांचे हात कापायला लागले, मग खांदे, मग हनुवटी. आई दंड धरायला पुढं झाली, मी तिला थांबवलं आणि आबांच्या शेजारी उभी राहिले. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत. बऱ्याच वेळानं आबांनी तोंड पुसलं, लांब श्वास सोडला. "लई वर्सं धरून ठिवलं हुतं गं."

त्या दिवशी आम्ही पलीकडं गेलो नाही. भाऊबीजेला गेलो.

माझ्यासारखे गाव सोडून आलेले घराबद्दल बोलताना अंगण सांगतात, भाकरी सांगतात. मीही सांगायचे. आता माझ्यासाठी घर म्हणजे जिथं माणसाला घट्ट राहावं लागत नाही, तेवढी जागा. ती वस्तीवर आहे आणि पुण्यात माझ्या दोन खोल्यांतही आहे. संक्रांतीला आबा एकटे एसटीनं आले. अपघातानंतर ते कायम भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच झोपायचे. माझ्याकडं जेवले, चटईवर आडवे झाले आणि दिवे लागेपर्यंत घोरत पडले.